शेवयांचे परदेशी भावंड

अंधेरी, बोरिवली, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत आता मुलांच्या डब्यांत चीज-टोमॅटो घातलेला पास्ता दिसतो. हे नाव इटलीचे असले, तरी पदार्थ अगदीच परका नाही. आपल्या शेवया जशा गव्हाच्या, तसाच पास्ताही गव्हाचाच.

गव्हातील पिष्टमय पदार्थांपासून शरीराला शक्ती मिळते. गव्हात प्रथिनेही असतात. पण वाढीस आवश्यक असे लायसिन नावाचे द्रव्य त्यांत अपुरे असते. ही उणीव चीज भरून काढते; कारण दुधाच्या प्रथिनांत लायसिन विपुल असते. हाडे व दात बळकट करणारे कॅल्शियमही चीजमध्ये असते. दुधाचे हे महत्त्व मोठे आहे. मुंबईकरांना निर्भेळ दूध मिळावे, म्हणूनच १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. टोमॅटोतून क जीवनसत्त्व लाभते. आजीच्या दुधातल्या शेवयांतही गहू आणि दूध यांची अशीच जोडी असते.

मात्र गुणांबरोबर दोषही जाणावेत. पास्ता मैद्याचा असेल, तर कोंडा निघून गेल्यामुळे त्यात तंतुमय भाग थोडाच उरतो. चीजमध्ये मीठ व चरबी पुष्कळ असते. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच चरबीपासून ९. म्हणून चीज बेताने घालावे. मटार, गाजर, फरसबी मात्र सढळ हाताने घालावी.

पदार्थ देशी की परदेशी, हा प्रश्न गौण आहे. आपल्या ताटात काय उणे आहे, हे ओळखून ते भरून काढणे, हेच खरे शहाणपण होय.