कडी लावायला शिकवताना

अंकुशनगर, ता. अंबड



स्वमग्न मुलाला खासगीपणा शिकवायचा तो वयात येण्याची वाट न बघता, चार-पाच वर्षांचा असल्यापासून. कुठे कपडे काढायचे नसतात, हे इतर मुलं मोठ्यांच्या नजरेवरून ओळखतात. स्वमग्न मुलाला ती नजर सहसा कळत नाही. रोज दिसतं तोच त्याचा नियम. इथे साखर कारखान्याभोवतीच्या शेतवस्त्यांवर पुरुषमंडळी मोटारीच्या पाण्याखाली उघड्यावरच अंघोळ उरकतात. ते पाहत वाढलेला मुलगा ‘पाणी आलं की कपडे काढायचे’ एवढंच शिकतो आणि शाळेच्या नळावरही तसंच करतो. ओरडून ते सुटत नाही. कपडे न्हाणीत काढायचे, न्हाणीतच घालायचे, कडी लावायची, असा क्रम चित्रांत काढून दाराला चिकटवावा. घरातल्या पुरुषांनीही तो पाळावा, नाहीतर चित्र फुकट.

‘नीट वाग’ यातून त्याला काहीच कळत नाही. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे तर फसवंच: तो एसटीच्या कंडक्टरशी बोलणार नाही, पण त्रास देणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो. चड्डीच्या आतल्या भागाला कोण, कधी हात लावू शकतं तेच सांगावं: मदत लागते तोवर अंघोळ घालणारी आई, आई समोर असताना डॉक्टर. अवयवांची खरी नावं शिकवावीत. लाडक्या नावांनी केलेली तक्रार बाहेरच्याला समजत नाही.

सगळ्यात अवघड शिकवणं ‘नको’चं. या मुलांना वर्षानुवर्षं शाबासकी मिळते ती सांगितलेलं ऐकल्याबद्दल, मग ती कुणाचंही ऐकतात. ‘मामांना पापा दे’ म्हणून ढकलायचं आणि नकारही शिकवायचा, हे एका घरात जमत नाही. (पाहुण्यांना हे पटवणं मुलाला शिकवण्याहून कठीण.) बोलता न येणाऱ्याने तळहात पुढे केला तरी तो नकार, समोरच्याने तिथेच थांबावं.

वयात आल्यावर हस्तमैथुनाला घाण म्हणून मारू नये. जागा तेवढी शिकवावी: दार लावून, एकट्याने. मुलीला पाळी येण्याआधीच पॅड लावायचा सराव द्यावा.

काही विपरीत घडलं तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो; मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. त्याच कायद्याच्या कलम २६प्रमाणे अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याच्या खुणा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. म्हणून मुलाच्या खुणा आणि त्यांचे अर्थ एका वहीत लिहून ठेवावेत, आणि वहीची एक प्रत शाळेत द्यावी.

— मावशी