बोगदा खणा, पण जुनी वाटही बंद करा

सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं, पण प्रोजेक्टची सिम्युलेशन्स लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर चालूच असतात. मी रे रोडला राहते. घरून त्या सर्व्हरचा डेस्कटॉप पाहायचा, तर व्हीएनसी हे सोपं साधन. मग भानगड कुठे आहे?

साध्या व्हीएनसीत पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं धरली जातात. लॉगिननंतर स्क्रीनवरचं चित्र आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक की उघडीच प्रवास करते. वाटेत कुणी नेटवर्क ऐकत बसलं असेल, तर तुम्ही टाइप केलेला रूटचा पासवर्डसुद्धा त्याच्या हाती! आणि सर्व्हरवर एकट्या तुमचं नाही, अख्ख्या बॅचचं काम असतं.

कॉलेजांना हे दुखणं नवं नाही. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्क ऐकून पासवर्ड चोरण्याचा प्रकार झाला, म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं.

आता एसएसएचचा बोगदा म्हणजे काय? आमच्याकडे गोदीच्या मालाचे ट्रक कायम दिसतात. एखादा सीलबंद कंटेनर गेला, तर रस्ता सगळ्यांचा, ट्रकही सगळ्यांना दिसतो, पण आत काय आहे ते कळत नाही. व्हीएनसीचा माल असाच एसएसएचच्या सीलबंद डब्यातून न्यायचा.

कृती अशी :

१. सर्व्हरवर व्हीएनसी ‘लोकलहोस्ट’ हा पर्याय लावून सुरू करा. डिस्प्ले १ असेल, तर पोर्ट ५९०१.

२. घरून एसएसएच करताना लोकल फॉरवर्डिंग द्या. लिनक्सवर त्यासाठी कॅपिटल ‘एल’ हा पर्याय आहे, पुटीमध्ये ‘टनेल्स’ हे पान. सोर्स पोर्ट ५९०१, डेस्टिनेशन लोकलहोस्ट:५९०१. इथे बरेच जण गोंधळतात. डेस्टिनेशनमधला लोकलहोस्ट म्हणजे तुमचं मशीन नव्हे, सर्व्हर स्वतः.

३. पहिल्यांदा जोडताना फिंगरप्रिंट दिसेल. तो लॅबच्या सरांकडून आधीच लिहून घ्या आणि जुळवा. नुसतं ‘येस’ केलंत, तर सील नक्की कुणी लावलं हेच कळणार नाही.

४. व्ह्यूअरमध्ये लोकलहोस्ट:५९०१ द्या. डेस्कटॉप समोर!

पण इथे थांबू नका. सर्व्हरवर ‘एसएस’ ही कमांड ‘टीएलएन’ पर्यायांसह चालवा. ५९०१ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं, तर ठीक. ०.०.०.० दिसलं, तर पोर्ट सगळ्यांना खुला आहे, आणि बोगद्याला वळसा घालून कुणीही दारापर्यंत येऊ शकतो. गंमत म्हणजे तुमचं कनेक्शन दोन्ही वेळा तितकंच छान चालतं, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. ते पोर्ट फायरवॉलमध्येही बंद करून घ्या. बाहेरून यायला एसएसएचचं २२ पुरे.

शेवटी, पासवर्डऐवजी पासफ्रेज लावलेली की-जोडी वापरा. आणि हो, हे सगळं सिस्टीम अ‍ॅडमिनना विचारूनच! सर्व्हर सगळ्यांचा आहे.