प्राप्तिकराचे विवरणपत्र फुकट भरून देणाऱ्या सोयी : बागायतदाराने काय पाहावे

मृगाचा पाऊस लागला, कलमांवरचा शेवटचा आंबा उतरला आणि दलालाकडून पेट्यांची पट्टी हाती आली म्हणजे बागायतदाराचे वर्ष संपले, असे आजवर समजत असत. अलीकडे त्या वर्षास आणखी एक शेपूट फुटले आहे. ते प्राप्तिकराच्या विवरणपत्राचे, ज्याला सर्वजण 'रिटर्न' म्हणतात. आरे-वारे बाजूच्या सभासदांकडून गेल्या दोन हंगामांत आमच्याकडे या विषयाच्या ज्या विचारणा आल्या, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. मोबाइलवर 'रिटर्न फुकट भरा' अशा जाहिराती येतात, त्यांपैकी कोणती सोय धरावी? या प्रश्नास सरळ एका नावाचे उत्तर दिले असते तर लेख चार ओळींत आटोपला असता. परंतु बागायतदाराच्या बाबतीत 'सोय कोणती' या प्रश्नाआधी 'आपला नमुना कोणता' हा प्रश्न येतो, आणि तो कोणी विचारीत नाही.

रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्यास जाणाऱ्या वाटेवर आरे आणि वारे ही गावे आहेत. तेथील दोन पुळणी व सुरूचे बन पाहण्यास बाहेरगावची मंडळी येऊ लागल्यापासून तेथील घरांच्या मिळकतीचे स्वरूप पालटले. पूर्वी हापूस, नारळ, सुपारी आणि मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर एवढ्यावर घर चाले. आता त्याच अंगणात दोन खोल्या निवास-न्याहारीस दिलेल्या असतात, परसात मोटारी उभ्या करण्याचे पैसे येतात, आणि बँकेत ठेवीचे व्याज असते. एका घरात उत्पन्नाच्या चार वाटा असतात, आणि कायदा त्या चारींकडे निरनिराळ्या नजरेने पाहतो.

शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकर नाही, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. १८६० साली या देशात प्राप्तिकर प्रथम बसला तेव्हा शेतीही त्यातून सुटली नव्हती. १८८६ च्या कायद्याने ती वगळली, आणि १९६१ च्या कायद्याच्या कलम १० (१) मध्ये ती सूट कायम राहिली. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली असली तरी सूट तशीच आहे. ज्याचे सर्व उत्पन्न शेतीचे आहे त्यास केवळ त्या कारणाने विवरणपत्र भरण्याची गरज नाही, आणि त्याने हा लेख येथेच मिटून ठेवला तरी आमची तक्रार नाही. परंतु करमुक्त म्हणजे न सांगण्याजोगे, असा जो अर्थ पुष्कळांनी करून घेतला आहे तो साफ चुकीचा आहे. जो कोणी इतर उत्पन्नासाठी विवरणपत्र भरतो, त्याने शेतीचे निव्वळ उत्पन्नही त्यात लिहावयाचेच असते.

शेतीचे उत्पन्न कोणते, याविषयी गैरसमज फार. आंबा झाडावरून उतरविणे, अढी घालून पिकविणे, निवडून पेटीत भरणे ही सर्व कामे माल बाजारात नेण्याजोगा करण्याची नेहमीची कामे असल्यामुळे त्याचे उत्पन्न शेतीचेच राहते. आपली जमीन लागवडीसाठी खंडाने दिली तर येणारा खंडही शेतीचाच. रोपवाटिकेतील कलमांची विक्रीही शेतीत धरतात. परंतु त्याच आंब्याचा रस काढून डबाबंद केला म्हणजे धंदा सुरू झाला. तेथे घरच्या आंब्याची बाजारभावाने होणारी किंमत वजा करून उरलेला नफा धंद्याचा धरावा लागतो. दुसऱ्याच्या बागेतील झाडावरचा तयार माल नुसता विकत घेऊन विकणारा बागेत फिरला तरी व्यापारीच. कोंबड्या व दुधाची जनावरे शेतकऱ्याच्या दारात असली तरी त्यांचे उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने शेतीचे नव्हे. पाहुण्यांच्या खोल्यांचे म्हणाल तर, त्या आंब्याच्या सावलीत बांधल्या म्हणून त्यांचे भाडे शेतीचे होत नाही. 'आमचे शेतघर आहे' हा युक्तिवाद आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कायद्याच्या स्पष्टीकरणातच राहण्यास भाड्याने दिलेली इमारत वगळलेली असल्यामुळे तो टिकत नाही.

आता नमुन्यांकडे वळू. सन २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी जे नमुने निघाले त्यांत पगार, निवृत्तिवेतन व व्याज एवढेच असणाऱ्यांसाठी पहिला नमुना 'सहज' आणि लहान धंदेवाल्यांसाठी चौथा नमुना 'सुगम' आहे. नावाप्रमाणे दोन्ही सोपे आहेत. परंतु शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले की हे दोन्ही दरवाजे बंद होतात. पाच हजार रुपये म्हणजे हापूसच्या थोड्याशा पेट्या! अर्थात कलमे धरणारा आमचा जवळजवळ प्रत्येक वाचक सहज व सुगम यांच्या बाहेर पडतो. धंदा नसेल तर त्यास दुसरा नमुना, आणि पाहुण्यांच्या खोल्या असतील तर तिसरा नमुना भरावा लागतो. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असल्यास जिल्हा, पिनकोड, जमिनीचे क्षेत्र, ती स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावे लागते. तेव्हा सातबारा हाताशी ठेवावा.

फुकट सोयींचा मर्म नेमका येथे आहे. खाजगी कंपन्यांच्या सोयींत जो भाग फुकट असतो तो बहुधा साध्या नमुन्यापुरता. नोकरदाराचा पगाराचा दाखला चढविला की काम झाले. त्यात कंपनीचा खर्च थोडा आणि गिऱ्हाईक मिळण्याचा लाभ मोठा. धंद्याचा किंवा जमीन-विक्रीचा प्रश्न निघाला की पैशाची पाटी पुढे येते, आणि ती बहुतेक वेळा सर्व माहिती भरून झाल्यावर, शेवटच्या पायरीवर येते. तोपर्यंत मनुष्य कंटाळलेला असतो. एक तर तो मागतील ते पैसे देतो, नाही तर अडचणीचा रकाना कोरा ठेवून पुढे जातो. हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे नव्हे. अमेरिकेत 'फुकट' या शब्दाच्या जाहिरातींवरून टर्बोटॅक्स ही सोय चालविणाऱ्या इंट्युइट कंपनीविरुद्ध राज्यांनी चौकशी केली, आणि २०२२ साली तिने गिऱ्हाइकांस १४ कोटी १० लाख डॉलर परत देण्याचे मान्य केले.

रकाना कोरा ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण आमच्या पाहण्यातील आहे. आरे येथील एका बागायतदाराच्या ठेवीवर सन २०२४-२५ मध्ये ५२,००० रुपये व्याज झाले आणि बँकेने शेकडा १० प्रमाणे ५,२०० रुपये कापून सरकारात भरले. ते परत मिळविण्यासाठी त्यांच्या पुतण्याने एका खाजगी सोयीवर विवरणपत्र भरले. शेतीचा आकडा घालताच पैसे मागितले गेले, म्हणून तो आकडा शून्य केला. खोल्यांचा उल्लेखच केला नाही. सहज नमुना फुकट गेला, परतावाही आला. पुढे दिवाळीच्या सुमारास आणखी दोन खोल्या बांधण्यासाठी कर्ज मागण्यास हे गृहस्थ बँकेत गेले. बँकेने विवरणपत्र पाहिले, तर वर्षाचे उत्पन्न ५२,००० रुपये! सत्तर कलमांचा धनी आणि दोन खोल्यांचा मालक कागदावर निष्कांचन ठरला. तो अर्ज परत आला. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारलेले विवरणपत्र भरण्यास मुदत होती, म्हणून ते तिसऱ्या नमुन्यात, सरकारी संकेतस्थळावर, एक पैसाही न देता पुन्हा भरले. खोल्यांची जमा व आंब्याचे निव्वळ उत्पन्न दोन्ही दाखविली. कर एक रुपयाही वाढला नाही. परंतु कर्जाचे काम लांबले आणि उन्हाळ्याच्या गर्दीपूर्वी खोल्या उभ्या राहिल्या नाहीत. पाच हजारांचा परतावा मिळवून त्यांनी एका हंगामाचे भाडे गमावले.

यावरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, सर्व नमुने फुकट देणारी सोय सरकारची स्वतःचीच आहे. प्राप्तिकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. त्यावर बँकेने कापलेला कर, व्याज, पॅनशी जोडलेले मोठे व्यवहार हे आधीच भरून येतात. आंब्याच्या पेट्या मात्र तेथे आपोआप उमटत नाहीत. त्या आपणच लिहावयाच्या. तेथील भाषा रूक्ष आहे, तिसरा नमुना लांबलचक आहे, आणि शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ मंदावते, हेही खरे. परंतु ज्यांच्या खोल्यांची वर्षाची जमा थोडी आहे त्यांना कलम ४४ अड खाली, बँकेतून आलेल्या जमेच्या शेकडा ६ व रोखीच्या जमेच्या शेकडा ८ इतका किंवा खरोखर अधिक असल्यास तितका नफा दाखवून, तिसऱ्या नमुन्यातील हिशेबाचे पुष्कळसे रकाने टाळता येतात. एक पावसाळी दुपार राखून ठेवली तर काम होते.

खाजगी सोय वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. ज्याने पैसे द्यावयाचे ठरविले आहे त्याने आरंभीच दोन गोष्टी विचाराव्यात : तिसरा नमुना भरून मिळेल काय, आणि शेतीचे उत्पन्न दरासाठी मिळवून कराचा आकडा निघतो काय. दुसऱ्या प्रश्नाचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण त्यात मुंबईच्या चाकरमान्याचे हित गुंतलेले आहे. १९७३ पासून अशी तजवीज आहे की, शेतीवर कर नसला तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न मिळवावयाचे. समजा, चाकरमान्याचे करपात्र उत्पन्न सन २०२५-२६ मध्ये १३ लाख असून बागेतील त्याच्या हिश्शाचे निव्वळ २ लाख आहेत. नव्या पद्धतीने १३ लाखांवर कर ७५,००० रुपये होतो. दोन्ही मिळून १५ लाखांवर १,०५,००० रुपये होतात. त्यातून शेतीचे २ लाख व करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ६ लाखांवरचा कर १०,००० रुपये वजा केला म्हणजे ९५,००० उरतात. अर्थात बाग लपविली तर २०,००० रुपये, उपकरासह २०,८०० रुपये, कमी भरले जातात, आणि ते पुढे व्याजासह मागितले जाऊ शकतात. याउलट करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ अ च्या सवलतीमुळे नव्या पद्धतीत पगार व धंदा यांवरील कर ६०,००० रुपयांपर्यंत माफ होतो, आणि बाग फार मोठी नसेल तर तो बहुधा शून्यच होतो. म्हणजे बहुसंख्य वाचकांना बाग लपवून मिळावयाचे काहीच नाही!

तालुक्याच्या गावी टेबल मांडून बसणाऱ्या भरणाऱ्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. जो मनुष्य परताव्याच्या शेकड्यावर आपली मजुरी ठरवितो, त्याच्यापासून दूर राहावे. परतावा जितका फुगेल तितके त्याचे पोट भरते. खोट्या देणग्या, खोटे विमे असे आकडे तो भरतो, आणि सही मात्र आपली असते. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी अशाच खोट्या वजावटींची तपासणी केली. उत्पन्न चुकीचे दाखविल्याचे ठरल्यास दंड बुडविलेल्या कराच्या दुप्पट असतो, आणि तो भरणाऱ्याकडून नव्हे, आपल्याकडून वसूल होतो. संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच नोंदवावा. परवलीचा शब्द भरणाऱ्याच्या वहीत असेल तर आपणास आलेली नोटीस त्याच्याच दारी जाईल, आणि ती आपणास दिसेलच असा भरवसा नाही.

आमचे मत विचाराल तर, भरण्याचे पैसे वाचवावे आणि वाचण्याचे द्यावे. विवरणपत्र सरकारी संकेतस्थळावर स्वतः किंवा घरातील शिकलेल्या मुलीकडून अथवा मुलाकडून तयार करून, पाठविण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सनदी लेखापालास तासभर दाखवावे व त्या तासाची फी आनंदाने द्यावी. विशेषतः जमीन विकली असेल त्या वर्षी हे टाळू नये. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन विकल्यास नफ्यावर कर नाही, परंतु बिनशेती करून तुकडे विकले तर प्रश्न निराळा होतो. आरे-वारेला जमिनीस जो भाव आला आहे तो पाहता या एका प्रश्नात लाखांचा फरक पडतो, आणि तो कोणतीही फुकट सोय आपणहून विचारीत नाही.

विवरणपत्र पाठविले म्हणजे काम संपले, असे समजून पुष्कळजण मोबाइल बाजूस ठेवतात. पाठविल्यापासून ३० दिवसांच्या आत आधारच्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने किंवा बँकेच्या खात्यातून त्याची पडताळणी करावयाची असते. ज्यास हे जमत नाही त्याने सही केलेली पोच बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने धाडावी. पडताळणी राहिल्यास भरलेले विवरणपत्र न भरल्यासारखेच ठरते. आधारला जोडलेला क्रमांक मुंबईस असलेल्या मुलाचा असेल तर त्यास आधीच कळवून ठेवावे, कारण तो आकडा थोडीच मिनिटे चालतो.