जिभेच्या नावालाही हाड नाही

प्रश्न : आयरिशमध्ये जिभेला 'त्यांगा' आणि वेल्शमध्ये 'तावोद' म्हणतात. दोन्ही एकाच आदिकेल्टिक शब्दातून आले, असं वाचलं. त्या भाषेत कुणी ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही, मग शब्द कळला कसा? आपल्या 'जीभ'शी त्याचं काही नातं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तो शब्द कुठे सापडलेला नाही, लेकी-नातींवरून जुळवलेला आहे. म्हणूनच अभ्यासक त्याच्या आधी तारा काढतात : *तंग्वात.

मधला 'ग्व' आला कुठून? आयरिशमध्ये तिथे 'ंग' आहे, वेल्शमध्ये 'व'. एकाच शब्दात असं दिसलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण नखाला जुन्या आयरिशमध्ये 'इंगेन' आणि वेल्शमध्ये 'एविन' म्हणतात; तीच जोडी. शेवटचा 'त' वेल्शमध्ये 'द' होऊन टिकला. आयरिशमध्ये तो प्रथमेत दिसतच नाही. जुन्या आयरिशची षष्ठी 'तेंगद' पाहिली की दडलेलं व्यंजन सापडतं.

खरी गंमत पहिल्या अक्षराची. मूळ इंडो-युरोपीय शब्दाचा आरंभ 'द'ने होता. इंग्रजीत 'द'चा 'ट' होणं नियमाचंच : आपलं 'दश', त्यांचं 'टेन'; म्हणून 'टंग'. केल्टिकमध्ये मात्र 'द' जागचा हलत नाही. दहाला वेल्शमध्ये 'देग'च म्हणतात. मग जिभेतच 'त' का शिरला? शपथ घेण्याचं जुनं आयरिश क्रियापद 'तोंगिद' होतं, त्याच्या ओढीने 'त' आला असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटतो, कारण शपथेला जीभ लागतेच. पण सिद्ध झालेला नाही.

आणि बिघाड एकट्या केल्टांनी केला असंही नाही. जुन्या लॅटिनमधल्या 'दिंग्वा'ची चाटण्याच्या क्रियापदामुळे 'लिंग्वा' झाली. लिथुएनियनमध्येही 'ल' शिरला, चाटण्यापायीच. मध्य आशियातल्या तोखारींनी तर व्यंजनांची अदलाबदल करून 'कांत्वो' केलं. काही अभ्यासकांना वाटतं, या अवयवाचं नाव सरळ न घेण्याचा काही संकेत असावा.

नात्याचं म्हणाल तर आहे, सख्खं आहे. त्याच मूळ शब्दाची संस्कृतात 'जिह्वा', प्राकृतात 'जिब्भा' आणि आपल्याकडे 'जीभ' झाली. मात्र नियमाने पाहिलं तर 'जिह्वा'तला पहिला 'ज'ही तिथे असायला नको होता. तिथेही 'द'च हवा होता.