लहान इंटरनेट व्यवसायाची देयक-प्रणाली

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी ही सेवा दूरध्वनीच्या तारेवरून मिळे आणि तासांच्या हिशेबाने विकली जाई. १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी उद्योगांस खुले झाले. आज तालुक्याच्या गावी केबल व्यावसायिक किंवा एखादा होतकरू तरुण दोन-तीनशे घरांना फायबरची जोडणी पुरविताना दिसतो. तारा ओढण्याचे काम त्यास उत्तम जमते. अडचण येते ती हिशेबाची.

ग्राहकाने पैसे भरावेत आणि तरीही त्याची जोडणी बंद पडावी, असे घडल्यास परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी अडतो आणि दाखले देणाऱ्या सेवा केंद्राचे कामही खोळंबते. उलटपक्षी, मुदत संपूनही जोडणी चालू राहिल्यास व्यावसायिकाचे नुकसान होते. ग्राहकाची नोंद, जमा रक्कम आणि जोडणीची स्थिती या तीन गोष्टींचा मेळ रोजच्या रोज राखणे, हेच देयक-सॉफ्टवेअरचे मुख्य कार्य होय.

निवड कशी करावी?

प्रथम देयक कोणाच्या नावे निघणार, हे निश्चित करावे. अनेक लहान व्यावसायिक परवानाधारक कंपनीचे भागीदार म्हणून काम करतात. अशा वेळी देयक कंपनीचे की स्थानिक व्यावसायिकाचे, हे करारात स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

केवळ हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर येथे अपुरे पडते. ग्राहकाचे नाव व संकेतशब्द तपासून त्यास जाळ्यात प्रवेश देणारा आणि त्याच्या वापराची नोंद ठेवणारा जो सर्व्हर असतो, त्यास 'रेडियस' असे म्हणतात. 'फ्रीरेडियस' या नावाने तो विनामूल्यही उपलब्ध आहे. निवडलेले सॉफ्टवेअर या सर्व्हरशी जोडता आले पाहिजे. यूपीआयने आलेली रक्कम योग्य ग्राहकाच्या खात्यावर आपोआप जमा व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संपूर्ण माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात केव्हाही बाहेर काढता यावी. तशी सोय नसल्यास विक्रेता बदलताना व्यावसायिकाचीच नोंदवही त्याच्या हाती राहत नाही.

कराचे नियम

इंटरनेट सेवेवर वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के आहे. राज्यांतर्गत सेवेस त्याचे केंद्र व राज्य असे ९-९ टक्क्यांचे दोन भाग देयकावर वेगळे दाखवावे लागतात. देयक क्रमांक सलग असावा, त्यात १६ हून अधिक अक्षरे व अंक नसावेत आणि एका वित्तीय वर्षात तो पुन्हा येता कामा नये. दिलेले देयक चुकल्यास ते पुसून टाकू नये. आकारणी जास्त झाली असेल तर क्रेडिट नोट द्यावी. सेवेसाठी आगाऊ घेतलेल्या रकमेवरील कराचे दायित्व ती रक्कम मिळताच निर्माण होते, ही बाब 'प्रीपेड' योजना चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. मासिक दर ५०० रुपये असून ग्राहकाने ३० दिवसांच्या महिन्यात ११ तारखेस जोडणी घेतली. २० दिवसांचे शुल्क ३३३.३३ रुपये, त्यावर ३०-३० रुपयांचे दोन कर, म्हणजे एकूण ३९३.३३ रुपये झाले. सॉफ्टवेअर हाच आकडा दाखविते किंवा नाही, हे खरेदीपूर्वी स्वतः पडताळून पाहावे.

मांडणीचा क्रम

सर्वप्रथम योजनांचे दर, देय तारीख व सवलतीचे दिवस कागदावर लिहून काढावेत. त्यानंतर ग्राहकांची यादी तपासावी. एकाच घराची दुहेरी नोंद आणि चुकीचे भ्रमणध्वनी क्रमांक येथेच दुरुस्त करावेत. मग देयक क्रमांकांची मालिका ठरवून दहा-वीस ग्राहकांवर प्रयोग करावा. एक महिनाभर जुनी वही व नवे सॉफ्टवेअर दोन्ही चालवून बेरजा जुळवाव्यात. त्या जुळल्यानंतरच जोडणी आपोआप बंद करण्याची सोय सुरू करावी. हा क्रम उलटा झाल्यास चुकीच्या नोंदीची शिक्षा निर्दोष ग्राहकास भोगावी लागते.

पैसे स्वीकारणारा आणि देयकात दुरुस्ती करणारा यांचे अधिकार वेगळे ठेवावेत. रोजची प्रत अन्य ठिकाणी जतन करावी व महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. कराच्या हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे.

गावात अशी सेवा घेताना ग्रामपंचायतीने व शाळेने रीतसर देयक व पावती यांचा आग्रह धरावा. चोख हिशेबाने ग्राहकाचे हित साधते आणि व्यावसायिकाची पतही वाढते. लहान व्यवसाय टिकतो तो याच पतीवर.