घटक ४ : दादागिरी, क्रौर्य आणि सत्ता – भाषिक व्यवहाराच्या अंगाने

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• थट्टा आणि दादागिरी यांतील भेद सांगता येईल;
• संबोधन व वाक्यरचना यांतून सत्ता कशी व्यक्त होते, हे स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक
चिडवणे, टिंगल, खोड काढणे, दमदाटी, छळ, दादागिरी असे अनेक शब्द मराठीत एकमेकांच्या शेजारी नांदतात. त्यांपैकी ‘दादागिरी’ हा शब्द विचार करायला लावणारा आहे. ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ, पाठीशी उभा राहणारा. ‘-गिरी’ हा फार्सी प्रत्यय लागून झालेल्या या शब्दात मात्र आधार उरत नाही, धाक उरतो. थोरलेपण तेच, त्याचा वापर बदललेला.

४.२ स्वरूप
शाळकरी मुलांमधील छळाचा पायाभूत अभ्यास डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून स्वीडन व नॉर्वे येथे केला. त्यांच्या विवेचनात तीन लक्षणे आढळतात : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील विषमता. यांतील तिसरे लक्षण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. तुल्यबळ मुलांचे भांडण कितीही कडाक्याचे असले, तरी ती दादागिरी नव्हे.

४.३ परतफेडीची कसोटी
ही विषमता भाषेत कशी ओळखावी? रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील एकेरी व आदरार्थी सर्वनामांचा विचार करताना दाखवले, की परस्परांना केलेला एकेरी उल्लेख जवळीक दर्शवतो, तर एकतर्फी उल्लेख सत्ता दर्शवतो. दोन मित्र एकमेकांना ‘जाड्या’, ‘काड्या’ म्हणतात, तेव्हा दोघेही हसतात. तरुण साहेब पन्नाशीच्या शिपायाला ‘ए, इकडे ये’ म्हणतो, तेव्हा शिपायाजवळ ‘होय साहेब’ एवढेच उत्तर असते. ऐकणाऱ्याला तोच शब्द निर्भयपणे परत करता येतो काय, ही आपली कसोटी.

येथे एक सावधगिरी हवी. एकतर्फी संबोधन हे सत्तेचे चिन्ह आहे. प्रत्येक सत्ता क्रूर नसते. वडील मुलाला ‘तू’ म्हणतात आणि मुलगा त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो, यात क्रौर्य नाही. समोरच्याला उत्तर देता येत नाही, याचाच आनंद वाटू लागतो, तेथे क्रौर्य सुरू होते.

‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले म्हणून वर्गात हशा पिकतो, हे आपल्यापैकी काहींनी अनुभवले असेल. बोलीतील ‘न’ हा दोष नाही, ते त्या बोलीचे नियमित रूप आहे. हसणाऱ्यांचे बळ त्यांच्या उच्चारात नसून त्या उच्चाराला मिळालेल्या प्रतिष्ठेत असते. म्हणूनच एकदा हसू झालेला विद्यार्थी पुढे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही.

४.४ कर्ता कोठे जातो?
पुढील वाक्ये पाहा.
(अ) आम्ही त्याला रडवले.
(आ) जरा गंमत झाली.
(इ) तो फारच मनाला लावून घेतो.
प्रसंग एकच आहे. (अ) मध्ये करणारे कर्तृपदी आहेत. (आ) मध्ये ते नाहीसे झाले. (इ) मध्ये तर सोसणाराच कर्ता झाला आणि दोष त्याच्याकडे गेला. रॅगिंगला मनाई करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. विद्यार्थ्याला वाटणारी भीती, लाज आणि होणारी शारीरिक वा मानसिक इजा यांवर त्याची व्याख्या उभी आहे. चिडवणे व चेष्टा यांचाही तीत समावेश आहे.

४.५ सारांश
दादागिरीचे मूळ कठोर शब्दांत नसून उत्तर देण्याच्या असमान अधिकारात आहे. सत्ता हा अधिकार हिरावते, क्रौर्य त्यात सुख मानते आणि ‘गंमत’ हा शब्द दोहोंना झाकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘परतफेडीची कसोटी’ सोदाहरण स्पष्ट करा.
२. एका दिवसात आपण ज्यांना एकेरी संबोधले, त्यांची यादी करा. त्यांपैकी कोण आपणांस तसेच संबोधू शकेल? उरलेल्यांविषयी पाच ओळी लिहा.