खतमाती, नोकरी आणि खालच्या काकू

शहरात नोकरी करून पर्यावरणाला जपायचं ठरवलं की लोक पहिला सल्ला देतात तो घरच्या घरी खत करण्याचा. सल्ला चांगलाच आहे. फक्त देणाऱ्याला बहुधा मार्चअखेर ठाऊक नसते.

मी पुण्यात बँकेत आहे. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरी पोचायची आमची वेळ ठरलेली नसते, आणि खताच्या बादलीला नेमकी तीच लागते. दोन-तीन दिवसांआड ती वरखाली करायची, ओल्या कचऱ्याच्या निदान बरोबरीने सुका पाला किंवा कोकोपीट घालायचं. हे राहिलं की आत हवा खेळत नाही, खालचा थर चिकट होतो आणि घाण वास सुटतो. आमच्याकडे तर कलिंगडाच्या सालींचं पाणी बादलीतून झिरपलं आणि खालच्या काकूंनी गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर ठिबकलं. काकू वर आल्या त्या ताटच घेऊन. “अगं, तुझं पर्यावरण माझ्या कुरडयांत कशाला?” यावर काय बोलणार! त्यातच बादलीत वळवळणाऱ्या जाडजूड अळ्या निघाल्या. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. पण हे सासूबाईंना रात्री साडेदहाला कसं पटवायचं?

तेव्हापासून नोकरी करणाऱ्या कुणी विचारलं तर मी सांगते, रोजच्या कामापासून सुरुवात करू नका. जी कामं एकदा करून विसरता येतात, ती आधी उरका. साधा जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. दिवसाला बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे साधारण अर्धं युनिट रोज वाचतं, तुम्ही घरी असा वा नसा. नळाच्या तोंडाला जाळी बसवायला प्लंबर एकदाच बोलवावा लागतो. एसी चोविसावर ठेवला की त्याकडे पुन्हा पाहायचं कारण नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते टिकतं.

दुसरी गोष्ट भाजीची. रविवारी मंडईत गेलं की हात सैल सुटतो. पालक, मेथी, शेपू, दोन जुड्या कोथिंबीर. बुधवारी मीटिंग लांबते, गुरुवारी जेवण बाहेरून येतं, शनिवारी पिशवीत पालकाचा लगदा निघतो. मग आपण मोठ्या निष्ठेने त्याचं खत करतो! त्यापेक्षा भाजी निम्मीच आणावी. पालेभाजी सोमवार-मंगळवारी संपवायची, मधल्या दिवसांना कोबी, दुधी, लाल भोपळा, आणि आठवड्याचं शेपूट मटकीची उसळ आणि पिठलं यांच्यावर काढायचं. आपल्या आज्यांनी फ्रीज नसताना हेच केलं. सडलीच नाही तर भाजी कचऱ्यात जात नाही, आणि बादलीही हलकी राहते.

आता खत करायचंच असेल, तर जरूर करा, पण पाल्याची सोय आधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या रस्त्यांवर पाचोळ्याचा खच पडतो आणि झाडलोट करणारे तो कोपऱ्यात ढीग करून पेटवतात. तोच गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात बाहेर सगळं ओलं असतं तेव्हा हाच उपयोगी पडतो. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक चालतं. मूठभर मिश्रण दाबून पाहा: पाणी गळलं तर ओल जास्त, मुठीत लाडू बांधला जाऊन बोटं नुसती ओलसर झाली तर ठीक. लिंबाच्या साली आणि तेलकट उरलंसुरलं बेतानंच. बादलीखाली ताटली ठेवा (हे काकूंच्या वतीने). आणि वर्षातल्या सगळ्यांत धावपळीच्या महिन्याच्या तोंडावर हा उद्योग सुरू करू नका.

खरं तर एकेका गॅलरीत धडपडण्यापेक्षा सोसायटीने मिळून एक खड्डा किंवा ड्रम चालवणं नोकरदारांना जास्त झेपतं. आठवडाभर कुणी गावाला गेलं तरी काम अडत नाही. मात्र ते सांभाळणाऱ्या माणसाला पगार द्या. घरातही राबतं कोण ते पाहा. ‘आम्ही कचरा वेगळा करतो’ असं अभिमानाने सांगणारे बरेच पुरुष मी पाहिलेत. करणारी असते बायको, नाही तर धुण्याभांड्याच्या मावशी. नवं काम वाढवलंत तर ते कोण करणार, हे त्याच दिवशी ठरवा.

बादली जमलीच नाही तरी एक काम कुणालाही चुकत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले होते, आणि पुण्यात बऱ्याच भागांत हा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारातून नेतात. 2008 पासून त्या पालिकेसोबत हे काम करत आहेत. सुका माल नंतर हाताने निवडला जातो, आणि भंगारात विकून आलेले पैसे त्यांच्या कमाईत जमा होतात. आमटीने बरबटलेला डबा विकला जात नाही. म्हणून तो विसळून द्या, त्याला अर्धा मिनिट लागतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, म्हणजे हात लावण्याआधी त्यांना कळेल. फुटलेली काच वेगळी बांधा. दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, लटकतं ठेवा. सुटा तुकडा इतका बारीक असतो की तो कुणी वेचत नाही. एवढं तरी उद्या सकाळी चहाच्या आधी करून पाहा.